तांबड्या पाव्हण्याची मेंढरं

वडगाव रासाईला आत्याच्या घरी टीव्हीत कोंबडी बसते. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. काच आणि आतलं सगळं सामान कधीच भंगारात गेलंय. उरलेल्या खोक्यात उसाचं पाचट अंथरलंय आणि त्यात एक काळी कोंबडी अंडी पोटाखाली घेऊन बसलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्याकडे मान तिरकी करून अशी बघते, की आपणच काहीतरी कार्यक्रम करून दाखवायला आलोय असं वाटावं.

दिवाळी उरकून मी दौंडहून आत्याला भेटायला आले होते. दुसऱ्या दिवशी तिची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायची होती. ती निघताना आपण तिथं असावं असं मला दर वर्षी वाटतं, आणि दर वर्षी काहीतरी आडवं येतं. यंदा जमलं. अंगणात पाऊल टाकलं तर कडुनिंबाखाली हे खोकं आणि त्यासमोर बाजेवर आत्या.

"आता हिचाच कारेक्रम बघती मी," आत्या म्हणाली. "हिला लाईट लागत न्हाई, आन् मधीच साबणाची जाहिरातबी लागत न्हाई."

मी वाकून खोक्याला हात लावला. कोंबडीनं बोटाला चोच मारली. कडेला जिथून आवाज यायचा त्या बारीक भोकांत अजून पिवळं काहीतरी अडकून बसलेलं होतं. नखानं खरवडून नाकाशी नेलं. भंडारा. जेजुरीच्या हळदीचा तो कोरडा, थोडा तिखट वास, आणि त्याच्या मागोमाग ओल्या लोकरीचा, नव्या सिमेंटचा, भीमेकाठच्या गुऱ्हाळाच्या धुराचा. मी तिथंच मातीत फतकल मारून बसले.

माझ्या लहानपणी एका साली आत्याकडे दोन नव्या गोष्टी आल्या होत्या, स्लॅबचं घर आणि रंगीत टीव्ही. आत्याचं सासर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागं चालू लागायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. तोवर घर म्हणजे पत्र्याचं छप्पर होतं. त्याला कुलूप लावलं काय नि न लावलं काय, आत चोरण्यासारखं मांजरसुद्धा नव्हतं. स्लॅब पडल्यावर मात्र भिवादादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, धास्ती बसली. नवं घर नुसतं कुलपावर सोडून कसं जायचं? कुणीतरी राखायला पाहिजे. आणि कुणीतरी म्हणजे आत्या, हे त्यानं मनातल्या मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

आत्या लग्न झाल्यापासून एकही वर्ष घरी थांबली नव्हती. दिवस भरलेले असतानाही ती चालली होती. भांडी, पीठ, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर तान्हं पोर, असा संसार घोडीवर लादायचा आणि घोडीचा कासरा धरून पुढं व्हायचं, हे तिचं काम. कोणती घोडी कुठल्या ओढ्याला बिचकते हे तिला पाठ. त्या कासऱ्यावरून दिवाळीच्या पाडव्याला घरात जे भांडण झालं ते मी फराळाचं ताट हातात धरून ऐकलं.

"ह्या घोडीच्या आयीच्या पाठीव तुला बांधून न्येला रं भिवा," आत्या म्हणाली. "आन् आता कासरा तुझ्या बायकूच्या हातात, आन् मी भितीकडं बघत बसू?"

"भितीकडं कशाला, टीव्ही आणलाय की तुला," भिवादादा म्हणाला. "बस निवांत. लई चाललीस आता."

वैनी, त्याची बायको, चुलीपुढं मान खाली घालून बसली होती. तिचा काही दोष नव्हता आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. आत्याचे यजमान, आमचे मामा, सुपारी कातरत होते. मामा वर्षाकाठी जेवढं बोलायचे तेवढं आत्या चहा गाळेपर्यंत बोलून मोकळी व्हायची.

माझे वडील म्हणजे आत्याचा भाऊ. त्यांनी मेंढरं विकून निमोण्याला शेती धरली होती. मी पाचवीत. आत्याला सोबत म्हणून मला वडगावच्या शाळेत घालायचं ठरलं. मला तर आनंदाचं भरतं आलं, कारण आमच्याकडे निमोण्याला टीव्ही नव्हता.

मेंढरं निघाली त्या सकाळचा आवाज अजून कानात आहे. शेकडो खुरांचा मऊ, ओढ लागलेला आवाज, कोकरांचं रडगाणं, दादाची शीळ. मामांनी मूठभर भंडारा उधळला. सगळं पिवळं झालं आणि मग त्या पिवळ्यातून ते गेले. आत्या दारात उभी राहिली. माणसं वाटेला लागली की ती नदीपार होईपर्यंत घर झाडायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. आत्यानं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत केरसुणीला हात लावला नाही. जेवलीही नाही.

नवं घर फार गप्प होतं. आत्याला स्लॅब छातीवर आल्यासारखा वाटायचा, म्हणून आम्ही दोघी अंगणातच झोपायचो. टीव्हीकडे तर तिनं सरळ पाठच फिरवली. मी तो लावायचे आणि ती त्याच्यासमोर पाठमोरी बसून घोंगडी सांधायची. बघायला शेजारच्या पाटलीणकाकू यायच्या. काकू मोठ्या बागायतदाराच्या घरच्या. त्यांच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची आणि त्यांच्या घरची ज्वारी आमच्या कणगीत यायची, त्यामुळे दोन्ही घरांत येणंजाणं होतं. घरी त्यांचा स्वतःचा टीव्ही होता, पण त्यावर घरातले पुरुष निवडणुकीच्या बातम्या सोडून काही लावू देत नसत.

आणि मग एका शनिवारी, दिवेलागणीच्या वेळी, तो आला.

कार्यक्रम परदेशातला, हिंदीत केलेला. उंच, हडकुळा, तांबड्या दाढीचा एक गोरा माणूस पाठीवर पिशवी टाकून कुणी जात नाही अशा देशांत जायचा. तिथं रस्ते नसत, आणि असले तर त्यावर बंदूकवाले उभे असत. नदीत मगरी, वाळवंटात पाणी नाही, डोंगरात श्वासाला हवा नाही. तो स्वतः काय बोलायचा ते ऐकूच यायचं नाही, त्याच्यावर खर्जातला एक हिंदी आवाज बसवलेला होता. तोच आवाज वाटाड्याला, तोच बंदूकवाल्याला आणि तोच चहा देणाऱ्या म्हातारीला.

"समद्यांचा घसा एकाच पाण्यानं बसलाय," आत्या पाठमोरीच म्हणाली.

तो माणूस वाळवंटात एके ठिकाणी वाकला, चिमूटभर माती उचलून त्यानं बोटांत चोळली आणि लांबवर डोळे बारीक करून बघू लागला. नेमकी तेव्हाच आत्यानं सुईत दोरा ओवायला उजेडाकडे तोंड केलं होतं. सुई हातातच राहिली.

"अगं बया," ती म्हणाली. "ह्यो रान बघतोय!"

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मेंढरं चालतात तेव्हा एक माणूस कायम एक मुक्काम पुढं असतो. गवत आहे का, पाणी आहे का, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, गाव भांडखोर आहे की माणुसकीचं, हे सगळं तो बघून ठेवतो. मागून मेंढरं येतात, घोडी येतात, बायका-पोरं येतात. एकटा माणूस परमुलखात माती चोळत, लोकांशी गोड बोलत, कुठं झोपता येईल ते विचारत फिरतोय म्हटल्यावर तो दुसरा कोण असणार? आत्याच्या मनात तिळभर शंका उरली नाही. ती सरकून टीव्हीपुढं बसली.

"आत्या, तो एकटाच फिरतो," मी शहाणपणानं म्हणाले. "टीव्हीवाले पगार देतात त्याला."

"कशाचा?"

"फिरण्याचा."

आत्या इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. "ऐकलं का काकू? चालायचा पगार! मग माझा कितीक थकलाय ते इचारा सरकारला." मग गंभीर होऊन ती माझ्याकडे वळली. "आन् एकटा म्हंतीस, तर त्येचा फोटू कोण काढतंय? त्येची माणसं हायती मागं. मेंढरं दमानं येत्यात पोरी. यायला येळ लागतो."

मी सरकून तिच्या शेजारी बसले.

त्या दिवसापासून तो आमचा तांबडा पाव्हणा झाला. शनिवारी संध्याकाळी आत्या लवकर भाकरी उरकायची. काकू उंबऱ्याशी आल्या की त्यांना पाट मिळायचा. पाव्हणा कुठल्या देशात आहे ते मी शाळेच्या नकाशात शोधून ठेवायचे, पण त्या नावांचा आत्याला उपयोग नव्हता. तिनं स्वतःची नावं पाडली. एक मुलूख बिनपाण्याचा, एक बंदुकीचा, एक जळवांचा आणि एक जिथं चहात मीठ घालतात तो. तो शेवटचा तिला अजिबात आवडला नाही. खोपोलीच्या बाजारात शिकलेल्या हिंदीवर तिला अर्धं समजायचं आणि उरलेलं अर्धं ती स्वतःच्या जिवावर भरून काढायची. ते अर्धं बहुतेक वेळा जास्त चांगलं असायचं.

"कुत्रं न्हाई संगं," ती चुकचुकायची. "मोठी चुकी केली. आन् तंबूचं त्वांड बघ कुठं केलंय येड्यानं, वाऱ्याकडं! उडतोय बघ सकाळपर्यंत."

तंबू काही उडाला नाही. सकाळी पाव्हणा त्यातून जांभई देत बाहेर आला आणि आत्या जराशी हिरमुसली.

"एवढं पोरगं त्याच्या आईनं सोडलंच कसं?" काकू विचारायच्या.

"सोडलं कुठं? आयी येतीया की मागनं," आत्या सांगायची.

दर शनिवारी ती हेच बघायची. बंदुका, मगरी, बर्फाचे कडे हे सगळं जाता जाता. तिची नजर पाव्हण्याच्या खांद्यावरून मागं, वाट जिथं वळते तिथं लागलेली असायची. अजून कशा आल्या नाहीत? चूल कोण पेटवतंय? मला वाटतं, आत्याला त्या पाव्हण्याची काळजी कमीच होती. तिला त्या बायका बघायच्या होत्या. आपण घरात आणि त्या वाटेवर, असं असेल तर निदान वाटेवर त्या आहेत हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा फक्त मजा वाटायची.

भाग संपला, पाव्हणा पुढच्या मुलखाला निघाला, की आत्या देवळीतला भंडारा घेऊन टीव्हीवर उधळायची. टीव्ही नुकता बंद केला की काचेत कसलीशी ओढ असते, हात जवळ नेला की अंगावरची लव उभी राहते. तो भंडारा काचेला आपोआप चिकटून बसायचा. मग दुसऱ्या दिवशी सगळे कार्यक्रम पिवळे. बातम्या पिवळ्या, नट-नट्या पिवळ्या. आणि शनिवारी संध्याकाळी घर झाडायचं नाही हे तर आलंच. काकूंच्या सुनेनं एकदा येऊन विचारलं, "मावशी, हा पसारा काय हो?" तर आत्या म्हणाली, "पाव्हणा अजून नदीपार झाला न्हाई."

एकदा मोठी आफत आली. खोल दरीवर दोरांचा पूल होता, त्याच्या फळ्या निखळलेल्या, आणि पाव्हणा मधोमध पोचला. पूल एका अंगाला कलला. आणि लाईट गेली.

लोडशेडिंग आम्हाला नवं नव्हतं, पण असं दुष्ट लोडशेडिंग मी पुन्हा पाहिलं नाही. आम्ही तिघी अंधारात काळ्या काचेकडे बघत बसलो. पुढचा आठवडा आत्याच्या घशाखाली घास नीट उतरेना. ऊसतोडीच्या गाड्या रस्त्यानं घुंगरं वाजवत जायच्या, गुऱ्हाळाचा गोड धूर अंगणात उतरायचा, आणि ती भाकरी थापता थापता मध्येच थांबायची.

"काकू, पडला असंल तर कळवत्याल का वो?"

"कुणाला?"

"आपल्याला."

काकू माझ्याकडे बघायच्या आणि मी काकूंकडे. आत्याच्या स्वतःच्या माणसांचाही तेव्हा काही सांगावा नव्हता. तेव्हा आमच्यात कुणाकडे मोबाईल नव्हते. कोकणातून येणारा एखादा ट्रकवाला चौकात सांगून जायचा, 'तुमची मेंढरं अमक्या ठिकाणी दिसली.' त्या आठवड्यात तोही आला नव्हता. पुढच्या शनिवारी पाव्हणा ताज्या तोंडानं भलत्याच देशात उंटावर बसलेला दिसला, तेव्हा आत्याचा जीव भांड्यात पडला. रविवारी ट्रकवालाही आला. दोन्ही बातम्या तिनं एकाच दमात पाटलांच्या वाड्यापर्यंत पोचवल्या.

मग तो अफगाणिस्तानातला भाग. थंडी आमच्याकडेही मी म्हणत होती. पाव्हणा उंच डोंगरांतून चालला होता, गवत पिवळं, आभाळ खाली आलेलं. त्यानं दम खायला बूड टेकलं. आणि त्याच्या मागच्या वळणावर धूळ उठली.

आत्या हळूहळू उभी राहिली.

आधी कुत्री आली, मोठी, कान कापलेली. मग मेंढरं, जाड शेपट्यांची, एका लाटेत. मग घोडी आणि गाढवं, त्यांवर काळे तंबू गुंडाळलेले, भांडी, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर कापडात बांधलेलं एक पोर, गाल लालबुंद झालेलं. आणि बाजूनं बायका. घोळदार कपड्यांच्या, चांदीनं मढलेल्या, मोठ्यानं बोलत चालणाऱ्या बायका.

"आल्या!" आत्या ओरडली. "आल्या गं! म्हनलं न्हवतं मी? येत्यात म्हनून?" तिनं काकूंचा दंड इतका जोरात धरला की काकूंची बांगडी वाढवली.

ती तिथलीच माणसं होती. पाव्हण्याचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. तो खर्जातला आवाज तसं सांगतही होता. मी तोंड उघडलं आणि आत्याच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर तोवर पाहिला नव्हता.

त्या बायकांत एक म्हातारी होती. कंबरेत पार वाकलेली, आत्यापेक्षा कितीतरी म्हातारी. ती गाढवावर ओझं बांधत होती. एक तरुण गडी पुढं झाला आणि तिच्या हातातला दोर घेऊ लागला. म्हातारीनं त्याच्या हातावर फाडकन चापट मारली, गाठ स्वतः आवळली आणि कासरा धरून पुढं चालू लागली. पाव्हणा हसला. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भाग संपला. आत्यानं भंडारा उधळला, आणि बोटाला लागलेला उरलेला स्वतःच्या कपाळाला लावला.

सकाळी तिनं मला हलवलं. "ऊठ. कापडं घे पिशवीत. स्वेटर घाल."

शाळेत गॅदरिंगच्या तालमी चालू होत्या, शिकवणं बंदच होतं, त्यामुळे माझी काही हरकत नव्हती. काकू मात्र अंगणात धावत आल्या. "अगं बायडाबाई, आणि घर? भिवा काय म्हणेल?"

"टीव्ही हाय की घर राखायला. भिवानं त्येच्यासाठीच आणलाय," आत्या म्हणाली. तिनं टीव्ही लावला, आवाज पार वर नेला, बाहेर आली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली. "आत कुणीतरी बोलतंय म्हनल्याव चोर कशाला येतोय?"

शिरूरच्या स्टँडवर तिनं मला भेळ घेऊन दिली. त्या स्टँडचा वास अजून तोच आहे, डिझेल, फिनेल आणि संत्र्याच्या साली. पुण्याला गाडी बदलली, घाट उतरला, हवा दमट झाली. खोपोलीच्या खाली आत्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते आत घेईना. मग एकदम उठली. "थांबवा. आमची माणसं आली."

"आजीबाई, इथं स्टॉप नाही," कंडक्टर म्हणाला.

"आजी म्हनू नको, उतरीव."

रस्त्यावर लेंड्या पडलेल्या होत्या. मलाही त्या ओळखता आल्या याचा मला फार अभिमान वाटला. भाताची कापून झालेली खाचरं, त्यात मेंढरं दाटीनं बसलेली, धुराची एक सरळ रेघ. आधी कुत्री धावली. मामा दगडावर बसले होते, ते उठले नाहीत.

"आलीस?"

"आले."

एवढंच. पण मामांनी अडकित्ता खिशात घातला आणि अर्धी सुपारी तिच्यापुढं धरली.

भिवादादा तणतणत आला. "घर कुणाव टाकलंस?"

"तुझा टीव्ही राखतोय."

तेवढ्यात वैनी पिठाच्या हातांनी आली. मला वाटलं, आता हिचं तोंड पडणार. वैनीनं झाडाला बांधलेला घोडीचा कासरा सोडला, आत्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "धरा बाई. माझं मेलीचं ही कायबी ऐकत न्हाई." मग दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की दादा निमूट पाणी आणायला गेला.

सूर्य बुडता बुडता सगळे चुलीभोवती जमले आणि आत्यानं मुलूख सांगायला सुरुवात केली. बिनपाण्याचा, बंदुकीचा, मिठाच्या चहाचा. आयुष्यभर चाललेली ती माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या वर्षाच्या बोलण्यातला मोठा हिस्सा तिथं खर्च केला.

"पर त्येची मेंढरं कुठं हायती?"

"आली की! तेच सांगायला आले न्हवं का!"

"मग बरं झालं," मामा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तो कार्यक्रम कधी न पाहिलेल्या त्या माणसांना पाव्हण्याची खरी गोष्ट एका झटक्यात समजली होती, आणि पाचवीतली मी एकटीच चुकीची ठरले होते.

काही दिवसांनी वडील मला न्यायला आले. आत्या आली नाही, ती पावसाच्या तोंडावरच परतली. निमोण्याला जाता जाता वडगावात उतरले तर काकू वैतागलेल्या. बंद घरात टीव्ही अखंड चालू. लाईट गेली की गप्प, आली की आपणहून सुरू. भर दुपारी गल्ली झोपलेली असताना आतून खर्जात आवाज यायचा, 'यहाँ से आगे मौत का इलाक़ा है,' आणि रस्त्यावरची पोरं पळत सुटायची. चोर काय, पोस्टमनसुद्धा दाराशी फिरकला नव्हता. आत्या परतेपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी काकू त्या बंद दाराला कान लावून बसायच्या. पाव्हणा पुढं कुठं कुठं गेला ते त्यांनी ऐकलं, आम्ही पाहिलं नाही. तो त्याच्या घरी पोचला का, हे त्यांनाही सांगता आलं नाही, शेवटाला लाईट नव्हती.

"पोचला असंल," आत्या परतल्यावर म्हणाली. "बायका संगं हुत्या न्हवं का."

त्यानंतर आत्याला घरी थांब म्हणायची हिंमत दादानं केली नाही. ती चालली, वर्षामागून वर्षं चालली. मामा गेले, दादा थकला, घोडी जाऊन पिकअप आला, तरी ती पिकअपच्या पुढं चालायची. शेवटी गुडघ्यांनीच तिला बाजेवर बसवलं.

तर यंदा मी अंगणात बसले होते आणि निघायची तयारी चालली होती. वैनीच्या मुलानं, विशालनं, पिकअप दारात लावला होता. दादा रान बघायला एक मुक्काम पुढं गेला होता. मोबाईलवर मी आत्याला एक फिरस्ता दाखवला. तिनं स्क्रीन नाकाजवळ नेली. "ह्यो न्हवं. ह्येची दाढी काळी हाय. आन् सारखा सोताकडंच बघतोय, रान कवा बघणार?"

वैनीनं आपली पिशवी पिकअपमध्ये ठेवली. विशालनं ती काढून ओट्यावर ठेवली.

"आई, तू हितंच थांब यंदा," तो म्हणाला. तो वाईट मुलगा नाही, आवाजही मऊ होता. "आजीला एकटं कसं ठिवायचं? कुणीतरी पायजे की बघायला."

वैनीचे केस आता पांढरे झालेत. तिनं पिशवीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि मान खाली घातली. पाडव्याच्या त्या दिवशी चुलीपुढं घातली होती तशीच. ती पिशवी उचलून आत जायला वळली.

"थांब," आत्या म्हणाली. "इशाल, पिशवी गाडीत ठेव."

"आगं पर आजी..."

"माझं निमित्त करून तिला बसवायचं न्हाई. मला कुणी राखायला नको. घर मीच राखती. शेजारी काकूची सून हाय, ही दौंडाहून येत जाईल शनिवारची. व्हय की नाय गं?"

"व्हय," मी म्हणाले. कामाचं, घरचं काही आठवायच्या आतच म्हणाले.

"आत्याबाई, तुम्हाला एकटीला करमंल का?" वैनीनं विचारलं.

"करमायचं न्हाई," आत्या म्हणाली. "तू नीघ."

सकाळी मेंढरं गेली. वैनी विशालशेजारी पिकअपमध्ये बसली नाही. ती मेंढरांच्या कडेनं चालत निघाली, सुरुवातीला दबकत, मग भराभरा, आणि वळणावर पोचेपर्यंत तिला गाडीची आठवणही राहिली नसावी. आत्या काठी टेकून फाटकापर्यंत आली होती.

"बघ की कशी चालती," ती म्हणाली. "पोरीवानी."

धूळ खाली बसली. मी तिला धरून बाजेवर आणून बसवलं. ती रस्त्याकडे बघतच माझा हात घट्ट धरून लहान मुलीसारखं म्हणाली, "मलाबी जायचं हुतं गं."

मी तिच्याजवळ बसले. दौंडची गाडी दुपारची होती, ती मी जाऊ दिली.